जुनी हॅचबॅक घेताय? आधी पॉलिसीतला एनसीबीचा रकाना बघा

5,65,000 रुपये. 2020 च्या मार्चचं पासिंग, एमएच 02, 1.2 लिटर पेट्रोल, सिंगल ओनर, मीटरवर 41,200 किलोमीटर. पश्चिम उपनगरात हायवेलगत जुन्या गाड्यांची जी दुकानं आहेत, त्यांपैकी एका दुकानातला हा माझा व्यवहार. गाडी पाण्यात बुडून निघालेली होती. विकणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं, कारण बुडाल्याच्या खुणा झाकण्याचं कामच त्याने करून घेतलं होतं.

आधीच सांगते, "मेकॅनिक का नाही नेला" असं विचारू नका. नेला होता. त्याने ऑइल बघितलं, कूलंट बघितलं, सायलेन्सरचा धूर बघितला, दरवाज्यांच्या कडांना रंगाची जाडी तपासली, गाडी चढावर नेऊन क्लच तपासला. सगळं उत्तम होतं, कारण इंजिनाला काही झालेलंच नव्हतं. चालू गाडी पाण्यात घातली की इंजिन पाणी ओढतं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ते लपवता येत नाही. ही गाडी बंद होती, पार्किंगमध्ये उभ्याउभ्या सीटच्या गादीपर्यंत बुडाली. अशा गाडीचं इंजिन पुसून, ऑइल बदलून पहिल्यासारखं चालतं. सडते ती खालची वायरिंग, आणि ती सावकाश सडते. मीटरही खरा होता. अधिकृत सर्व्हिस सेंटरची हिस्ट्री मेपर्यंत दर दहा हजारांना नीट, शेवटची नोंद 38,600 किलोमीटरची. जुनी गाडी घेताना शहाणा माणूस जे तपासतो ते सगळं तपासलं होतं.

आता तो क्षण, ज्याच्यामुळे अजून झोप उडते. टेबलावर आरसी, पीयूसी, पॉलिसी मांडलेली. पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्य टक्के. आणि पॉलिसी सुरू झाल्याची तारीख सप्टेंबरची.

हे दोन आकडे नीट समजून घ्या, यात सगळी लबाडी आहे. क्लेम नसेल तर एनसीबी दर वर्षी 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के असा चढतो. मार्च 2020 ची गाडी, मालक एकच, क्लेम एकही नाही असं सांगतात. मग रकान्यात 50 दिसायला हवं. दुसरं, मार्चमध्ये घेतलेल्या गाडीची पॉलिसी मार्चमध्येच नवी होते. ती सप्टेंबरवर कशी गेली? विचारलं. खुर्चीतल्या माणसाने पान चघळत उत्तर दिलं, "मॅडम, पार्टी बाहेरगावी होती, पॉलिसी लॅप्स झाली. नव्वद दिवस उलटले की बोनस जातो, तुम्हाला माहीत असेलच." माहीत होतं! नियम अगदी तसाच आहे: पॉलिसी संपून 90 दिवसांच्या वर गेले की एनसीबी जातो आणि तारीखही सरकते. एका वाक्यात त्याने दोन्ही आकड्यांचा हिशेब लावून दिला. खोटं बोलायला त्याने खरा नियम वापरला, म्हणून ते पचलं.

पण सर्व्हिस हिस्ट्री शेजारीच पडलेली होती. मार्चपासून पार्टी बाहेरगावी, पॉलिसी बंद, आणि मे महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला कोणी आणली? दर दहा हजारांना न चुकता सर्व्हिसिंग करणारा माणूस सहा महिने विनाविमा मुंबईत गाडी फिरवेल? दोन कागद एकाच टेबलावर होते आणि एकमेकांना खोटं ठरवत होते. भर गर्दीच्या दुकानात, मागे दुसरं गिऱ्हाईक उभं करून, "टोकन आत्ता टाका नाहीतर ते संध्याकाळी नेतायत" असं ऐकवलं जात असताना दोन कागदांच्या तारखा कोण जुळवतं? त्यांना हे ठाऊक असतं. दुसरं गिऱ्हाईक त्याचसाठी उभं असतं.

खरा प्रकार असा. जुलैच्या पावसात गाडी बुडाली, विमा कंपनीने टोटल लॉस दिला, म्हणजे गाडी दुरुस्त करण्यापलीकडची धरून पूर्ण भरपाई दिली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला की तसा क्लेम मिटवतात. सांगाडा भंगारवाल्या व्यापाऱ्याकडे गेला. आरसी रद्द झालीच नाही. मूळ मालकाच्या सह्या मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर घेऊन ठेवल्या, सप्टेंबरमध्ये त्याच्याच नावावर नवी पॉलिसी काढली, क्लेम झाल्यामुळे एनसीबी शून्य, म्हणून विकताना "सिंगल ओनर" म्हणायला मोकळे. पावसात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दसरा-दिवाळीला बाजारात येते, कारण तेव्हा गिऱ्हाईक घाईत असतं. स्विफ्ट, बलेनो, आय ट्वेंटीसारख्या हॅचबॅक यात जास्त, त्या हातोहात खपतात.

लॅप्स झालेली पॉलिसी पुन्हा देण्याआधी विमा कंपनी गाडीची पाहणी करते, फोटो घेते. तो पाहणी अहवाल मागा. "मिळणार नाही" म्हणाला तर उठा.

झाकलं कसं होतं तेही बघा. फ्लोअरवर नवं कोरं लॅमिनेशन मॅटिंग, चिकटवलेलं. पाच वर्षांच्या गाडीत नवी मॅटिंग, नवी सीट कव्हर आणि खाली काळं अंडरबॉडी कोटिंग हे तिन्ही एकत्र दिसले तर ती सजावट नाही, झाकण आहे. डॅशबोर्डवर कापराचा डबा. चारी काचा उघड्या आणि एसी फुल. गाडी आधीच चालू करून ठेवलेली! याचं कारण ऐका: बंद गाडीची चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांनी विझतो. तो लागलाच नाही तर बल्ब काढलाय. गाडी आधीच चालू असेल तर तुम्हाला ते कधीच दिसत नाही. गाडी बंद करायला लावा, बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड झाल्याची खात्री करा, मग स्वतः चावी फिरवा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) लावलात तर फक्त एरर कोड बघू नका, कोड पुसता येतात. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का, ते बघा. बरेचसे अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

पुढे काय झालं ते ठरलेलंच. सेंट्रल लॉक आपोआप खटखटायला लागलं. डावी पुढची काच अर्ध्यात अडकायची. एसी बंद करून गाडी उन्हात उभी केली की गटाराचा वास. मग एअरबॅगचा दिवा कायमचा लागला. वर्कशॉपमध्ये मॅटिंग फाडली तर खालचा फेल्ट पिळला की पाणी निघत होतं. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजून लाल. ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला तेव्हा आतल्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ सरळ उमटलेली, पाणी कुठवर आलं होतं ते मोजून घ्यावं अशी. दुकानात बेल्ट ओढताना तो माणूस म्हणाला होता, "जोरात नको, लॉक होतो."

मुंबईचं पुराचं पाणी म्हणजे नुसता पाऊस नव्हे. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, कुर्ला, कुठलंही घ्या, त्यात गटार असतं, आणि भरतीच्या वेळी पाण्याचा निचरा होत नाही म्हणून ते तासन् तास साचून राहतं. गाडी वाळते पण कनेक्टरच्या पिनांवर क्षार राहतो, हिरवट थर चढतो, करंट कधी जातो कधी नाही. म्हणून बिघाड काही आठवड्यांनी आणि लहरी येतात. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक हॅचबॅकमध्ये गिअरच्या दांड्याजवळ कन्सोलखाली फ्लोअरलाच बसवलेलं असतं. फ्लोअर बुडाला की ते बुडालं. म्हणजे धडक झाली तर एअरबॅग उघडेल याची खात्री नाही, आणि अशी गाडी कुटुंबासाठी म्हणून विकतात.

बिल असं: बीसीएम (लॉक, काचा, दिवे चालवणारं युनिट) 14,800, त्याचं कोडिंग 1,500, फ्लोअर हार्नेस (फ्लोअरखालच्या वायरिंगचा जुडगा) 22,600, एअरबॅग युनिट 19,700, ब्लोअर मोटर 4,350, पुढची दोन व्हील बेअरिंग 5,200, मजुरी 9,600. एकूण 77,750. सीट बेल्टचे प्रिटेन्शनर, म्हणजे धडकेत बेल्ट घट्ट ओढणारे भाग, अजून बाकी आहेत.

दुकानदाराने कानावर हात ठेवले. "गाडी बघून घेतली ना?" डिलिव्हरी नोटवर छापलेलं "जशी आहे तशी" हे बोट ठेवून दाखवलं. आणि रक्कम? 11,000 टोकन यूपीआयने, 3,64,000 खात्यावर, 1,90,000 रोख. पावती 3,75,000 चीच. जीएसटी कमी बसावा म्हणून सगळेच असं घेतात असं सांगून रोख घेतली, आणि आता तीच पावती पुढे करतो. रोख देऊ नका. एक रुपयाही देऊ नका. शिवाय "ट्रान्सफरचे" 14,500 वेगळे, ज्यात सरकारी फी काही शे रुपयांची.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "हा दिवाणी मामला आहे." खुणा झाकून, खोटं सांगून पैसे काढले हा दिवाणी मामला कसा? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318(4) मग कशासाठी आहे? अर्ज घेतला, पोच द्यायला टाळाटाळ. साहेब बंदोबस्ताला, साहेब कोर्टात, उद्या या. आरटीओत सांगितलं, आम्ही कागद बघतो, गाडीत पाणी होतं की नाही ते आमच्या कामात येत नाही. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन खात्याचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची फॉर्म 29सी वर सूचना द्यायची असते. या दुकानाकडे ते आहे का, एवढं साधं विचारलं तर या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून वरच्या मजल्यावर, तिथून "लेखी द्या". लेखी दिलं. उत्तर नाही. विमा कंपनीने तर कळसच केला: ज्या गाडीचा टोटल लॉस त्यांनीच मोजून दिला, तिच्या क्लेमची माहिती आजच्या मालकाला देता येत नाही, गोपनीय आहे! कोणाची गोपनीयता जपताय, फसवणाऱ्याची? टोटल लॉसची नोंद आरसीवर किंवा सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर दिसली असती तर हा धंदा एका पावसात बसला असता. पोर्टलवर मालक कितवा, विमा कधीपर्यंत, बोजा आहे की नाही, पीयूसी कधीचं हे सगळं दिसतं. गाडी बुडाली होती एवढंच दिसत नाही. आणि ही नोंद करायला कोणाला किती खर्च येणार आहे?

अडकलेल्यांसाठी. ठाण्यात नाही म्हणाले तर तक्रारीचा मजकूर स्पीड पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवा, पुढे मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून दावा टाकता येतो, मुदत दोन वर्षं, 5 ते 10 लाखांच्या व्यवहाराला फी 200 रुपये. दुकानदाराचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि गाडीची जाहिरात यांचे स्क्रीनशॉट आजच काढा, जाहिरात उद्या गायब होते. "नॉन ॲक्सिडेंट, नॉन फ्लड" हे शब्द विक्रीच्या करारात लिहून मागा. लिहून देत नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

आणि वर्कशॉपला आधीच सांगून ठेवा की जुने पार्ट फेकायचे नाहीत. हिरवी पडलेली बीसीएम, हार्नेसचा कनेक्टर, कापलेला फेल्ट, सगळं पिशवीत घाला, पार्टचा नंबर बिलावर लिहून घ्या. मेकॅनिकचं पत्र "गाडीत बिघाड आहे" असं मोघम नको. पाणी कोणत्या उंचीपर्यंत होतं, कोणत्या पिनांवर क्षार सापडला, फोटो कोणत्या तारखेचा, आणि एवढा क्षार विक्रीनंतरच्या काळात चढू शकत नाही हे त्याच्या सही-शिक्क्यानिशी. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की पाणी तुमच्याच पार्किंगमध्ये शिरलं नसेल कशावरून. सोसायटीकडून पार्किंगमध्ये पाणी शिरलं नसल्याचं पत्रही त्याच फायलीत लावा.