पीसी क्लीनर काढून टाकला, टास्क मॅनेजरला चार स्टार

घरचा पीसी जुना, विंडोज १० आणि आत साधी हार्ड डिस्क. बटण दाबून आंघोळ उरकून आलं तरी स्क्रीनवर ते ठिपके गोल गोल फिरतच असायचे, मग डेस्कटॉप दिसला तरी माउस हलेना आणि डिस्कची कुरकुर चालूच. मोबाइलवर वेळ लावला तर ब्राउझर उघडेपर्यंत ४ मिनिटं १० सेकंद!

आधी सगळे करतात तोच शहाणपणा केला, पीसी साफ करून वेगवान करतो म्हणणारा एक फुकटचा क्लीनर टाकला (नाव घेत नाही). त्याने लाल अक्षरात हजारभर चुका दाखवल्या, बहुतेक सगळ्या रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपली सेटिंग्ज लिहून ठेवतं ती वही), आणि दुरुस्त करायचे म्हणून पैसे मागितले. वर स्वतःच रोज पीसीबरोबर सुरू व्हायला लागला, म्हणजे झाडू मारायला आलेला माणूस घरातच राहायला आला. काढून टाकला.

मग काय काय चालू आहे ते दाखवणारा विंडोजचाच टास्क मॅनेजर उघडला, कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबायचं आणि स्टार्टअप टॅबवर जायचं. विंडोज ८ पासून हे तिथे आहे आणि मी इतकी वर्षं कधी बघितलंच नव्हतं. कुठला प्रोग्राम सुरुवातीला किती भार टाकतो ते हाय, मीडियम, लो असं समोरच लिहिलेलं असतं. माझ्याकडे १७ नावं निघाली, त्यात एका प्रिंटरचं सॉफ्टवेअर, आणि तो प्रिंटर कधीच भंगारात गेलाय. राइट क्लिक करून ११ डिसेबल केले, प्रोग्राम उडत नाही, फक्त आपण बोलावल्याशिवाय येत नाही. ज्याचं नाव कळलं नाही त्याला हात लावला नाही.

दुसरी गंमत म्हणजे परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली अप टाइम, म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे ते, १९ दिवस! अरे मी रोज रात्री शटडाउन करतो ना? तर फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवून ठेवतात आणि सकाळी तोच उचलतात, खरी नवी सुरुवात फक्त रीस्टार्टने होते. आता आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करतो.

डिस्क क्लीनअपने जुन्या अपडेटचा कचरा काढला, जागा बरीच मिळाली पण वेगात फारसा फरक नाही. डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावणं, एकदा केलं, ते हार्ड डिस्कसाठीच हं, एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) असेल तर त्या भानगडीत पडू नका.

आता वेळ १ मिनिट ५० सेकंद. एक स्टार कापला कारण मागून चालणाऱ्या सर्व्हिसेस आणि शेड्यूल केलेली कामं या टॅबमध्ये दिसतच नाहीत, आणि एक प्रोग्राम तर अपडेट झाल्यावर नवीन नावाने परत यादीत येऊन बसला. कुरकुर अजून आहेच, एसएसडी टाकली की परत वेळ लावून बघतो.