तपकीर गल्लीतलं रिपेअरिंगचं दुकान, मनापासून पाच स्टार
घरचा पीसी बी४५० मदरबोर्डवाला, त्यात रायझन ३ २२००जी प्रोसेसर काढून नवा रायझन ५ ५६०० टाकला आणि सोबत ग्राफिक्स कार्ड पण बसवलं, बटण दाबलं तर पंखे फिरतायत, लाईट लागतायत पण स्क्रीन काळीच. दोन रात्री रॅम काढून घाल, बोर्डावरची सेटिंग जपणारी सीएमओएसची सीआर२०३२ बॅटरी काढून ठेव, सगळं करून झालं. घराजवळच्या एका दुकानात नेला तर न उघडताच म्हणे बोर्ड गेला, नवीन घ्या. फार राग आला.

मग पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत या दुकानाच्या काकांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बायोस कधी अपडेट केलंय का?" कधीच नव्हतं. बायोस म्हणजे पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, आणि जुना बायोस ५६००सारखे ५००० सिरीजवाले प्रोसेसर ओळखतच नाही हो! म्हणून काकांनी पीसी चालू व्हावा यासाठी जुना प्रोसेसर परत बसवला, पेनड्राईव्हवरून नवा बायोस टाकला, मग नवीन बसवताना प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारी जुनी वाळलेली पेस्ट कापसानं हळूहळू पुसून वाटाण्याएवढा नवा थेंब ठेवला, हात एवढा हलका की बघत राहावं. एचडीएमआय केबल पण बोर्डाऐवजी कार्डाला लावायला सांगितली, कारण ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतंच, २२००जी मध्ये होतं.

चाळीस मिनिटं, पाचशे रुपये, सगळं माझ्यासमोर. पार्किंगचे मात्र हाल आहेत, गाडी लांब लावून चालत जा. आणि जुना प्रोसेसर सोबत न्यायला विसरू नका.