सायकल आणि खुब्याचं दुखणं: गोमेकॉ, खासगी ऑर्थो की फिजिओ?

खुबा दुखतो म्हटल्यावर पहिला प्रश्न एकच: दुखणं पडल्यावर सुरू झालं, की सायकल चालवता चालवता हळूहळू वाढलं? गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात), खासगी ऑर्थोकडे म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडे, की फिजिओकडे जायचं, ते यावरच ठरतं.

आधी पडण्याचं बघू. पावसात गोव्यातल्या चोडणच्या फेरीधक्क्यावरच्या ओल्या उतारावर चाक सटकलं की हात टेकायलाही वेळ मिळत नाही, सगळं वजन थेट खुब्याच्या बाहेरच्या हाडावर येतं. त्यानंतर पायावर भार देता येत नसेल, पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळलेलं असेल, तर माणसाला उभं करू नका. 108 ला फोन करा आणि खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या मानेवर बसतो, तिच्यावरूनच त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जातात. मान मोडली आणि वाहिन्या फाटल्या की गोळा मरू लागतो. म्हणून तरुण माणसाचं असं हाड शक्य तितक्या लवकर, सहसा 24 तासांच्या आत बसवतात.

अशा वेळी आमचं मत बांबोळीच्या बाजूने आहे. गोमेकॉत कॅज्युअल्टी, ऑर्थो, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी सगळं एका आवारात मिळतं. डोक्यालाही मार असेल तर दुसरीकडे जाण्यात अर्थ नाही. गर्दी असते, ताटकळावं लागतं, हे खरं. खासगीत जायचं तर निघण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारा: खुब्याचं ऑपरेशन आजच होईल का, आणि दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) किंवा खासगी विमा या ऑपरेशनला चालतो का.

एक्स-रे नॉर्मल आला, पण पाऊल टाकताना जांघेत कळ येतेच, असंही होतं. बारीक तडा एक्स-रेत सुटतो आणि त्यावर चालत राहिलं तर हाड सरकतं. एमआरआय मागा, आणि तो होईपर्यंत कुबड्या घ्या. हाडवैद्याकडे तर अजिबात नको. मार लागलेल्या मांडीत रक्त साकळलेलं असताना जोराने चोळलं तर स्नायूतच हाड धरू शकतं.

हळूहळू वाढलेल्या दुखण्यात मात्र पहिलं दार फिजिओचं. जांघेत, पेडल वर येताना चिमटल्यासारखं होत असेल तर सांध्यात अडचण असते. बाहेरच्या बाजूला दुखतं, त्या कुशीवर झोपवत नाही, तेव्हा बहुधा नितंबाच्या स्नायूबंधाला त्रास असतो. फिजिओ निवडताना एवढंच बघा की तो तुम्हाला तुमच्याच सायकलवर, ती ट्रेनरवर (जागेवरच पेडल मारायच्या स्टँडवर) लावून, बसवून बघतो का. नुसतं मशीन लावून शेक देणारा असेल तर दुसरा शोधा. सीट उंच असेल तर मागून बघणाऱ्याला कंबर डावी-उजवी डोलताना दिसते. पेडल खाली असताना गुडघ्याला साधारण 25 ते 35 अंशांचा वाक हवा. सीट एका वेळी 5 मिमीच हलवा. चिमटा जात नसेल तर 172.5 ऐवजी 165 मिमीचा क्रँक (पेडल जिला बसतं ती दांडी) लावा आणि दांडी जेवढी आखूड झाली तेवढीच, 7.5 मिमी, सीट वर घ्या. पेडल वर असताना खुब्याला 15 मिमी जास्त मोकळीक मिळते.

नेमाने व्यायाम करून सहा ते आठ आठवड्यांत फरक पडला नाही, सांधा अडकतो, किंवा रात्री दुखतं, तर ऑर्थो. पण गुडघे बदलणारे बरेच असतात, खुब्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन करणारे थोडे. वर्षाला किती करता, हे बिनधास्त विचारा. एमआरआयमध्ये लेब्रम (खुब्याच्या खोबणीची कूर्चेची कड) फाटलेलं दिसलं म्हणून लगेच ऑपरेशनला हो म्हणू नका. काहीच न दुखणाऱ्यांमध्येही ते दिसतं.

एक दुखणं मात्र ऑर्थोच्या नजरेतून बरेचदा निसटतं. चोर्ला घाट चढताना जोर लावला की मांडी जड, बधिर होते, आणि थांबल्यावर पाच मिनिटांत काही झालंच नाही असं वाटतं. तिथे मांडीकडे जाणारी धमनी अरुंद झालेली असू शकते. रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा आणि डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) जोरदार पेडलिंग झाल्या झाल्या करायला सांगा, कारण स्वस्थ पडून केलेला नॉर्मल येऊ शकतो.