बारा भोकांचं झाकण आणि माझे २५,३४० रुपये

जीपच्या एका झाकणापायी इन्स्टाग्रामवर फसलो. बुकिंगचे ५,०००. माल निघायच्या आधी १३,५००. मग ‘कस्टम’चे म्हणून ६,८४०. एकूण २५,३४० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात तो सांगायला मला नऊ दिवस लागले.

गाडी म्हणजे माझी जुनी महिंद्राची जीप, मागचा एक्सल, म्हणजे चाकांचा आडवा दांडा, डाना ४४ जातीचा. त्याच्या मधल्या डिफ्रेन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या गोळ्याचं, मूळ झाकण पत्र्याचं, खालची कड गंजलेली, तेल पाझरायचं. त्या झाकणाला ड्रेन प्लग, म्हणजे तेल काढायचं बूचच नाही. गिअर ऑइल बदलायचं म्हटलं की सगळे बोल्ट काढून झाकण उघडायचं, निम्मं तेल हातावर आणि निम्मं फरशीवर. त्यात सोलापूरचा उन्हाळा. एप्रिलमध्ये तुळजापूरचा घाट चढून आलो की मागून जळक्या तेलाचा वास यायचा. परदेशात मस्टँगसारख्या दणकट गाड्यांना पंख्यांचं, म्हणजे बाहेरून उभ्या पट्ट्या असलेलं, अॅल्युमिनियमचं झाकण लावतात. त्यात तेल जास्त मावतं, पंख्यांमुळे उष्णता बाहेर पडते, खाली चुंबकाचा ड्रेन प्लग असतो, लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. ही हौस नव्हती, गरज होती. तरी घरात ‘तुझे जीपचे नाद’ हेच ऐकावं लागलं.

इन्स्टाग्रामवर एक पान सापडलं. काळं झाकण, लाल ड्रेन प्लग, अमेरिकन गाड्यांचे फोटो, खाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय. मी विचारलं, डाना ४४ला बसेल का? उत्तर आलं, ‘सर, युनिव्हर्सल आहे, सगळ्यांना बसतं.’

इथंच मी थांबायला हवं होतं. डिफ्रेन्शियलचं झाकण युनिव्हर्सल नसतंच. प्रत्येक एक्सलचा आकार वेगळा, बोल्टांची संख्या वेगळी, भोकांमधलं अंतर वेगळं. डाना ४४ला दहा बोल्ट. हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती, आदल्या रविवारी जीपखाली झोपून ते दहाच्या दहा बोल्ट मी स्वतः चिंधीनं पुसले होते. आणि त्या विकणाऱ्यानं पाठवलेल्या व्हिडिओत बारा भोकं होती. बारा! तो व्हिडिओ मी वीस वेळा तरी बघितला असेल. पंखे बघितले, लाल प्लग बघितला, भोकं मोजली नाहीत. मिस्त्रीनं विचारलंही होतं, ‘मालक, होल मोजलं का?’ मी त्याला म्हटलं, ‘फोटो वेगळ्या गाडीचा असेल बे.’ हे वाक्य रात्री अजून झोपू देत नाही.

मी काही काल मोबाईल हातात घेतलेला माणूस नाही. लिंकवर क्लिक केलं नाही, ओटीपी दिला नाही. त्यानं जीएसटीचं बिलसुद्धा पाठवलं, शिक्क्यासकट. ते बघून कुणाचाही विश्वास बसला असता. बिलावर पत्ता दिल्लीचा आणि जीएसटी नंबरची सुरुवात २४नं. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, दिल्लीचे ०७, गुजरातचे २४. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकायला एक मिनिट लागतं. मी तो पैसे गेल्यावर टाकला. नंबर कुण्या कापड व्यापाऱ्याचा निघाला.

कस्टमचं तर विचारूच नका. ‘माल थेट अमेरिकेतून येतोय, मुंबईत अडकलाय, आज भरले नाहीत तर परत जाईल.’ १८,५०० आधीच गेलेले, म्हणून ६,८४० भरले. कुणाच्या तरी नावाच्या यूपीआयवर. कस्टमचा कर खासगी माणसाच्या यूपीआयवर कधीच जात नाही, आणि खात्याच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख नंबर असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. घाई करणारा माणूस दिसला की फोन ठेवा.

आणि पार्सल आलं! हे नीट वाचा, कारण खरी खेळी हीच आहे. साध्या देशी कुरिअरनं, गोणपाटात बांधलेलं. जीपला लावून बघितलं तर एकही भोक जुळेना. एका पंख्याच्या मुळाशी रंग फुगलेला दिसला म्हणून पेचकस टोचला, तर पांढरट भुकटी गळाली. लांबी! पत्र्याच्या पोचात भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी. ओतकामातली छिद्रं लांबीनं बुजवून वर काळा रंग मारलेला. हे डिफ्रेन्शियलवर बसलं असतं, तरी तापलं की तेल गळून आतले गिअर, क्राऊन-पिनियन, कोरडे पडले असते. त्याला फोन लावला, नंबर बंद.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू होती. ‘सगळे बंदोबस्तात आहेत, नंतर या.’ ते मी समजून घेतलं. दुसऱ्यांदा गेलो तर समोरचा म्हणतो, ‘पार्सल आलं ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.’ म्हणजे चोरानं कचरा पाठवला की तो चोर राहत नाही! वर मलाच सवाल, ‘गाडीत असले बदल करायला परवानगी घेतली का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहीत आहे का?’ अहो, तेलाचं झाकण बदलल्यानं आरसी बुकातली कुठली नोंद बदलते? फिर्यादी मी आणि उभं केलं आरोपीसारखं. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच मागितली तर ‘उद्या या’. बँकेत गेलो तर ‘पिन तुम्हीच टाकला, व्यवहार अधिकृत आहे’ एवढं एकच वाक्य, तेही स्क्रीनवरून नजर न काढता. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही आणि तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते, हे खरं. पण नोटीस पाठवायला विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर मी रजिस्टर पत्र पाठवलं, ते ‘या नावाची व्यक्ती येथे राहत नाही’ असा शेरा मारून परत आलं. पत्ता शोधायचा कुणी? पोलीस म्हणतात मंच, मंच म्हणतो पत्ता, आणि पत्ता शोधण्याची ताकद आहे फक्त पोलिसांकडे.

पैसे गेल्याचं कळताक्षणी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, त्याच तासात. मी पार्सल बघून दोन दिवस सुन्न बसलो, तोवर त्याचं खातं रिकामं झालं होतं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, वरची पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा. ठाण्यात कुणी ‘दिवाणी आहे’ म्हणालं तर भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८चं नाव घ्या. तरीही एफआयआर घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)खाली वरिष्ठांना टपालानं लेखी कळवा. मी आता तेच केलंय.

मिस्त्रीनं जुनंच झाकण घासून, कड ठोकून, नवा गॅस्केट आणि सिलिकॉन लावून बसवलं. ४५० रुपये घेतले. अजून थेंब नाही.

तोच व्हिडिओ आता दुसऱ्या दोन नावांनी फिरतोय. काळं झाकण, लाल प्लग, डावीकडून तिसऱ्या पंख्याचा टवका उडालेला. हा माल सोलापुरात आणखी कुणाला आला असेल तर लाजून गप्प बसू नका, मला कळवा. बिलं आणि यूपीआयच्या पावत्या एकत्र करून एकच तक्रार देऊ. माझं झाकण गोणपाटासकट तसंच ठेवलंय.