क्लब मॅचसाठी पोल की मेथड फीडर?

इंग्लंडात कमर्शियल तळ्यावर (पैसे भरून गळ टाकायच्या, मासे सोडलेल्या तळ्यावर) मासेमारीची क्लब मॅच खेळायला लागलेल्या नव्या माणसाने हा प्रश्न विचारला की जुनी मंडळी एकच उत्तर देतात: दोन्ही घे. पोल म्हणजे रील नसलेली, तुकडे जोडून लांब करायची कार्बनची काठी; मेथड फीडर म्हणजे खाद्य दाबून भरलेलं, रॉड आणि रीलने लांब टाकायचं वजन. उत्तर चूक नाही. पण गाडी लहान असेल आणि "शेवटी मासे तोलून पाण्यातच सोडायचे, तर एवढा खर्च कशाला?" असं घरात कोणी विचारत असेल, तर आधी एकच घ्यावं लागतं. मी दोन्हींवर मॅच खेळतो. शनिवारी सकाळी गाडीत आधी काय ठेवतो, ते वाचता वाचता कळेलच.

पोलचं पारडं कागदावर जड आहे, यात वाद नाही. पोलच्या टोकाला लावलेल्या कपातून चिमूटभर मायक्रो पेलेट (खाद्याच्या बारीक गोळ्या) जिथे सोडाल, बरोबर त्याच्याच डोक्यावर गळ उतरतो. टॉप किट (दोर आणि गळ लावलेले पोलचे टोकाकडचे सुटे भाग) आधीच बांधून ठेवल्या असतील तर तळाशी, काठाशी किंवा वरच्या थरात, कुठेही जायला मिनिटभर पुरतं. त्यातून तळ्यात एफ-वन जास्त असतील तर बोलायलाच नको. कार्प आणि क्रुशियनचा हा संकर आमिष तोंडात घेतो आणि लगेच थुंकून टाकतो. पोलचा फ्लोट पाण्यावर ठिपक्याएवढा ठेवला असेल तर तेवढंही दिसतं. फीडर रॉडच्या टिपेला, म्हणजे बारीक टोकाला, अनेकदा पत्ताच लागत नाही. वॉरिकशरचं टनेल बार्न फार्म एफ-वनसाठी प्रसिद्ध आहे. तिथे मॅच असेल तर मीही मुकाट्याने पोलच काढतो.

मग अडतं कुठे? पाठीमागे.

मासा लागला की १३ मीटरचा पोल टॉप किटपर्यंत मागे सरकवावा लागतो, म्हणजे पाठीशी दहा-अकरा मीटर मोकळी जागा हवी. ही तळी बहुतेक शेतजमिनीवर खोदलेली, आणि इथल्या शेतांतून सार्वजनिक पायवाटा जातात. त्या वाटेवरून चालायचा लोकांना कायद्याने हक्क आहे, आणि तो हक्क ते शनिवार-रविवारी सकाळी अगदी मनापासून बजावतात. आमच्या क्लबच्या नेहमीच्या तळ्यावर निम्म्या पेगांच्या (बसायच्या ठरलेल्या जागांच्या) मागून अशी वाट जाते. कार्प लागलेला, पोलच्या टोकातलं इलॅस्टिक ताणलेलं, पोल मागच्या रोलरवरून (सरकत्या टेकूवरून) अर्धा मागे गेलेला, आणि नेमका तेव्हाच पाठीमागून "मॉर्निंग!" ऐकू येतो. एक आजोबा, दोन कुत्री. पोल तिथेच थांबवायचा, मान वळवून हसायचं, कुत्र्याने कार्बनवर पाय ठेवू नये म्हणून मनात देवाचा धावा करायचा. तोवर मासा शेजाऱ्याच्या पेगात. आजोबा जातात, तर प्रॅम येते. चूक कोणाचीच नसते, म्हणून तर जास्त वैताग येतो. ओरडायचं तरी कोणावर? आणि पोलचा एक तुकडा पायाखाली चिरडला तर त्याच्या किमतीत बऱ्यापैकी फीडर रॉड येतो.

यावर उपाय नाहीत असं नाही. मुरलेले लोक रोलर तिरका लावून पोल काठाला समांतर मागे नेतात, किंवा दोन टप्प्यांत सोडवतात. हात बसला की जमतं म्हणे. मला जमतं, पण सगळं लक्ष मागे राहतं आणि फ्लोट पुढे बुडून जातो. त्यात नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी असली तरी बहुतेक तळी वर्षभर चालू असतात. त्यामुळे मार्च-एप्रिलच्या आडव्या वाऱ्यात १३ मीटरचा पोल स्थिर धरणं हा प्रकारही वाट्याला येतोच.

फीडरला पाठीमागचं जगच लागत नाही. साच्यात ओले मायक्रो दाबले, चार इंची हुकलेंथवर (गळाच्या आखूड दोरावर) वाफ्टर (अर्धवट तरंगणारं आमिष) लावला, दरवेळी तेवढ्याच अंतरावर पडावं म्हणून रीलच्या क्लिपला दोर अडकवला आणि बेटाच्या कडेला टाकला की झालं. मागून वरात गेली तरी चालेल. सॉलिहलजवळच्या बार्स्टनसारख्या मोठ्या, उघड्या पाण्यावर मासे पोलच्या पल्ल्याबाहेर असतात, तेव्हा तर दुसरा विचारच नको.

फीडरलाही खोडी आहेत. मासे दोराला घासून गेले तरी टिप थरथरते, आणि नवा माणूस प्रत्येक थरथरीला रॉड उचलतो. उचलू नका; खरा मासा लागला की टिप पुरी वाकते आणि गळ आपोआप रुततो. क्लिपला दोर असताना मोठा कार्प उलट्या दिशेने सुटला तर दोर तुटू शकतो, म्हणून हात कायम रॉडजवळ हवा. जुलैत मासे वर आले की तळाला पडलेला फीडर बराच वेळ नुसता बसून राहतो. तेव्हा पोलवाला शेजारी सटासट मासे काढत असतो, आणि ते पाहवत नाही हे खरं.

तरी माझ्यापुरतं सांगतो: पोलवर माझं वजन एक दिवस वरच्या नावांत, तर दुसऱ्या दिवशी तळाला असतं. फीडरवर मी सहसा मधल्या फळीत असतो आणि अधूनमधून सेक्शनचं, म्हणजे काही पेगांच्या गटातलं, बक्षिसाचं पाकीट घरी नेतो. तुमचा हात वेगळा असेल, तुमचं तळंही.

खर्चाचं थोडक्यात: शंभर-दीडशे पौंडांत मॅचला पुरेसा फीडर रॉड आणि रील होतं. चांगला पोल त्याच्या कितीतरी पट, आणि वरच्या दर्जाचे पोल हजारोंत.

म्हणून मी तरी आधी फीडर घेईन, आणि पुढे पैसे साठले की लांब पोलऐवजी एक दणकट, आखूड मार्जिन पोल. शेवटच्या तासात मोठे कार्प काठाला चरायला येतात. तिथे चार-पाच मीटर पुरतात आणि मागची वाट फारशी आड येत नाही. मात्र तुमच्या क्लबच्या बहुतेक मॅच एफ-वनच्या तळ्यांवर होत असतील, तर माझं ऐकू नका. वापरलेला पोल बघा, सोबत किती टॉप किट मिळतात ते आधी विचारा, आणि पैसे देण्याआधी पोल पूर्ण जोडून प्रत्येक सांधा हलवून पाहा.