संचित रजा आणि पॅरोल: सांगली-साताऱ्याच्या घरांना ही सेवा कशी मिळते

कोल्हापूरच्या कळंबा किंवा पुण्याच्या येरवडा कारागृहात शिक्षा भोगणाऱ्या माणसाच्या घरच्यांसाठी तुरुंग खात्याची सगळ्यात मोलाची सेवा म्हणजे रजा. अर्ज तुरुंगातूनच करता येतो, एजंटाची गरज नाही, आणि नियम मुळात माणुसकीचा आहे. गाडी अडते ती गावातल्या पोलीस चौकशीत. अर्ज फेटाळला जाण्याची कारणं बहुतेक वेळा तिथेच तयार होतात आणि घरच्यांना त्याचा पत्ता लागेपर्यंत महिने उलटलेले असतात. सेवा म्हणून विचाराल तर नियमाला चांगले गुण, वेळेला कमी, आणि घरच्यांना माहिती देण्याला सगळ्यात कमी.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. परदेशी मालिकांतला पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बाहेर काढायची. आपल्याकडचा पॅरोल तसा नाही. इथे फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. दोन्हींत ठरलेले दिवस बाहेर राहायचं आणि पुन्हा आत हजर व्हायचं. पाया 1959 च्या नियमांचा, त्यावर आजवर बऱ्याच दुरुस्त्या झालेल्या. त्यामुळे किती महिन्यांनी पात्रता येते आणि किती दिवस मिळतात हे कुणाच्या जुन्या अनुभवावरून धरू नका, कारागृहाच्या कार्यालयातच विचारून घ्या. शिवाय या रजा फक्त शिक्षा लागलेल्यांना. कच्च्या कैद्याचा, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही त्याचा, मार्ग जामिनाचा. सांगली आणि साताऱ्याच्या जिल्हा कारागृहांत मुख्यतः कच्चे कैदीच असतात, म्हणून तिथे पॅरोलची चौकशी करायला गेलेले लोक बऱ्याचदा हात हलवत परततात.

फर्लोला कारण द्यावं लागत नाही. ठरावीक शिक्षा भोगली, वर्तणूक चांगली राहिली की माणूस साधारणपणे पात्र होतो, आणि ते दिवस शिक्षेतच धरले जातात. पॅरोलला ठोस कारण लागतं: जवळच्याचं गंभीर आजारपण, पत्नीचं बाळंतपण, पूर, आग, घर पडणं. पॅरोलचे दिवस शिक्षेत धरत नाहीत, म्हणजे सुटकेची तारीख तेवढी पुढे सरकते. हा फरक नीट समजला तर निम्मी धावपळ वाचते. ऊसतोडीला, जत्रेला, वाटणीच्या बोलणीला माणूस घरी हवा असेल तर फर्लोच घ्यावा. असल्या कामांसाठी आईच्या गुडघेदुखीचा दाखला जोडून पॅरोल मागणं सोडून द्या. असा अर्ज टिकत नाही, आणि खरं आजारपण आलं की आधीचा नकार फाईलमध्ये आडवा येतो.

पॅरोलचं कारण खरं असलं तरी कागदाशिवाय ते सिद्ध होत नाही. आजारपणाचा दाखला खासगी दवाखान्याचा असेल तर पोलीस डॉक्टरकडे जाऊन खात्री करतात. मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयाचे केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट आणि शस्त्रक्रियेची तारीख सोबत असेल तर काम सोपं होतं. पुरात घर पडलं असेल तर तलाठ्याचा पंचनामा हवाच. कृष्णेला 2019 सारखा पूर आला की पंचनामे आठवडे चालतात, म्हणून तलाठी गावात असतानाच एक प्रत मागून ठेवावी.

मृत्यू किंवा लग्नासाठीची तातडीची रजा वेगळी. तिच्यात लांबलचक फेऱ्या नसतात. ग्रामपंचायतीचा किंवा दवाखान्याचा मृत्यूचा दाखला आणि पोलीस पाटलांचं पत्र त्याच दिवशी कारागृह अधीक्षकांच्या कार्यालयात पोहोचवा. कधी पोलीस बंदोबस्तात पाठवतात, कधी रोज ठाण्यात हजेरीच्या अटीवर. बंदोबस्ताचा खर्च कुणावर पडणार, हे निघण्याआधीच विचारून घ्या.

आता तो अडणारा टप्पा. फर्लोचा प्रस्ताव कारागृह उपमहानिरीक्षकांकडे जातो, नेहमीच्या पॅरोलचा साधारणपणे विभागीय आयुक्तांकडे. आपल्या जिल्ह्यांसाठी दोन्ही कार्यालयं पुण्यात. पण दोघेही निर्णयाआधी पोलीस अहवाल मागवतात. तो कागद जिल्हा पोलीस अधीक्षकांकडून ठाण्यात येतो, बीटचा हवालदार गावात येऊन जामीनदार, शेजारी आणि बहुतेकदा फिर्यादी पक्षाचे जबाब घेतो, आणि अहवाल त्याच वाटेने परत जातो. या प्रवासातल्या कुठल्याही टेबलावर कागद पडून राहू शकतो. अर्ज गेल्यावर कारागृहातून जावक क्रमांक घ्या आणि तो नंबर दाखवून ठाण्यात विचारा. नुसत्या नावाने विचारलं तर उत्तर मिळणं कठीण.

जामीनदाराच्या बाबतीत बहुतेक घरं चुकतात. नियमाप्रमाणे कैद्याला घरी ठेवून घेणारा आणि हमीपत्र लिहून देणारा नातेवाईक लागतो. भावनेपोटी म्हाताऱ्या आईचं नाव दिलं जातं आणि अहवालात येतं, ‘जामीनदार वयोवृद्ध असून कैद्यावर नियंत्रण ठेवू शकणार नाही’. त्यापेक्षा कमावत्या वयाचा, स्वतःवर गुन्हा नसलेला भाऊ, मेहुणा किंवा बहीण द्या. दुसरी चूक पत्त्याची. आधार तासगावचं, राहणं कुपवाडच्या एमआयडीसीजवळ. हवालदार गावी जातो, दाराला कुलूप दिसतं, आणि तसंच लिहून घेतलं जातं. अर्जात माणूस आज जिथे राहतो तोच पत्ता आणि चालू मोबाईल नंबर द्या. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार हाताशी ठेवा.

जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. घाईत लिहिलेल्या जबाबात ‘मी जामीन राहण्यास तयार आहे’ ऐवजी ‘माझी काही हरकत नाही’ एवढंच राहून जातं, आणि वरच्या कार्यालयात त्याचा अर्थ जामीनदार नाही असा लावला जातो. जबाबात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: कैद्याशी नातं, तो रजेत कुठल्या घरी राहील, आणि मुदत संपताच त्याला हजर करण्याची जबाबदारी आपण घेतो हे वाक्य.

फिर्यादीचं घर त्याच गल्लीत असेल तर ‘शांतता भंग होण्याची शक्यता’ हे वाक्य जवळजवळ ठरलेलं. अशा वेळी गावचा हट्ट सोडा. दुसऱ्या तालुक्यातल्या मामाचा किंवा बहिणीचा पत्ता द्या, जामीनदारही तिथलाच ठेवा. फिर्यादी पक्षाच्या भीतीलाही मान द्यायला हवा. त्यांच्या डोळ्यांसमोर न येता रजा काढता येत असेल तर तीच वाट बरोबर.

रजा मंजूर झाली की कैद्याचा स्वतःचा जातमुचलका (हमीचा बंधपत्र-कागद), जामीनदाराचं हमीपत्र आणि आदेशात असेल ती अनामत रक्कम भरावी लागते. गावी पोहोचल्यावर ठाण्यात हजेरी लावायची, दिलेला पत्ता सोडायचा नाही. परत हजर व्हायची तारीख आणि वेळ सुटतानाच्या कागदावरून जामीनदाराने स्वतः वाचून घ्यावी. उशीर झाला तर माफीचे, म्हणजे शिक्षेत मिळालेल्या सवलतीचे, दिवस कापले जातात, पुढच्या रजा अडतात आणि वेगळा गुन्हाही दाखल होऊ शकतो, पूर्वी भादंवि 224 खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या 262 खाली. कोविड काळातल्या तातडीच्या पॅरोलवर सुटलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये 15 दिवसांत हजर व्हायला सांगितलं होतं. ती मुदत ज्यांनी चुकवली त्यांच्या फाईलवर तो डाग आहे. शेवटच्या दिवशी कैदी आजारी पडला तर घरी झोपवून ठेवू नका. सरकारी दवाखान्यात भरती करा आणि त्याच दिवशी कारागृहाला आणि ठाण्याला लेखी कळवा.

नकार आला तर कारणांसह लेखी आदेश मागा. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगली-साताऱ्याच्या माणसाला त्यासाठी बऱ्याचदा मुंबई गाठावी लागत नाही. या सेवेत अलीकडे झालेली ही सगळ्यात मोठी सुधारणा म्हणावी लागेल. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा.

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरबद्दलही लोक विचारतात. औंध संस्थानाने 1939 मध्ये सुरू केलेली ही खुली वसाहत आजही तुरुंग खात्याकडे आहे. कैदी तिथे कुटुंबासह राहून शेती करतात. जागा फार थोड्या, आणि घरच्यांनी थेट अर्ज करून तिथे प्रवेश मिळत नाही. निवड कारागृहातूनच होते, आणि ती करताना आधीच्या प्रत्येक रजेवरून माणूस वेळेत परत आला का, हे बघितलं जातं.