कलरलाइट ५ए-७५बी: स्क्रीनच्या कार्डावर हाताने बांधलेलं गिगाबिट

कोपरीत माझ्या मामाचं साइनबोर्डचं वर्कशॉप आहे. दिवाळीनंतर एका उतरवलेल्या एलईडी स्क्रीनमधून त्याने कलरलाइट ५ए-७५बी नावाची दोन रिसीव्हिंग कार्डं काढली आणि माझ्या हातात ठेवली. "घे, तुला असलं काहीतरी उघडून बघायचं असतं ना." त्यातल्या एकावर मी पाच महिने रात्री बसले.

माझी नोकरी ऐरोलीला, डेटा सेंटरमध्ये. शिफ्टभर पोर्टांवरचे सीआरसी एरर (वाटेत डेटा बिघडल्याच्या खुणा) बघायचे, वाढले की पॅच कॉर्ड बदलायची. तो आकडा जन्मतो कुठे, हे अकरा वर्षांत स्वतःच्या हाताने कधी केलं नव्हतं आणि ते मला बोचत होतं.

हे कार्ड खरं तर स्क्रीनच्या मॉड्युलांना चित्र पुरवण्यासाठी आहे. पण त्यावर लॅटिसची ईसीपी५ जातीची एफपीजीए, म्हणजे आतलं लॉजिक आपण ठरवू शकतो अशी चिप, बसवलेली आहे, साधारण २४ हजार एलयूटी (लॉजिकचे छोटे तक्ते) असलेली, आणि शेजारी दोन गिगाबिट पोर्ट, प्रत्येकाची स्वतंत्र फिजिकल चिप, म्हणजे केबलवरचे सिग्नल सांभाळणारी. घ्यायचं ते या दोन पोर्टांसाठी. एफपीजीए आणि फिजिकल चिप यांच्यामधल्या आरजीएमआयआय जोडणीत जाताना चार आणि येताना चार डेटाच्या वायरी असतात, घड्याळ १२५ मेगाहर्ट्‌झचं, आणि त्याच्या चढत्या-उतरत्या दोन्ही कडांवर बिट जातो. म्हणजे एका बिटाला ४ नॅनोसेकंद. ब्रेडबोर्डच्या जंपर वायरींवर हे चालत नाही. इथे तांब्याचं अवघड काम आधीच झालेलं आहे, लॉजिक तेवढं आपण लिहायचं.

आधी मी एका मैत्रिणीच्या आर्टी ए७ वर शिकले. तो शिकण्यासाठीच बनवलेला बोर्ड, कागदपत्रं उत्तम, पण त्यावरचं इथरनेट १०/१०० चं आहे. सुरुवात तिथे करावी असं मी आजही सांगेन. गिगाबिट हवं असेल तर मात्र हे कार्ड, आणि किंमतही त्याच्या मानाने कितीतरी कमी. मी नंतर तिसरं घेतलं ते दोन हजारांच्या आत आलं.

प्रोग्राम घालायला जेटॅगचे (चिपशी थेट बोलायच्या जोडणीचे) चार पॅड आणि ग्राउंड, एवढ्यावर वायरी सोल्डर कराव्या लागतात. बारीक टिप आणि भरपूर फ्लक्स वापरा. कार्ड ५ व्होल्टवर चालतं. मामाकडचा ४० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मी थेट लावला नाही, मध्ये फ्यूज घातला; एवढा करंट मागे उभा असताना एक चुकीचा थेंब सोल्डर महाग पडतो. सॉफ्टवेअर सगळं मोफत आणि खुलं: योसिस, नेक्स्टपीएनआर, प्रोजेक्ट ट्रेलिस. ओपनएफपीजीएलोडरने डिझाइन आधी नुसतं एसरॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, घाला. लाइट गेली की मूळ प्रोग्राम परत येतो आणि कार्ड पुन्हा स्क्रीनला लावता येतं. मूळ प्रोग्राम ठेवलेली फ्लॅश मेमरी पुसायची घाई करू नका.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते पाठवण्याच्या बाजूवर. लिंकचा दिवा लागलेला, लॅपटॉपवर मात्र एकही फ्रेम (डेटाचं पाकीट) दिसेना. इथटूल या नेटवर्क तपासायच्या प्रोग्रामात सीआरसी एररचा आकडा पळत होता, म्हणजे काहीतरी पोचत होतं, पण फाटून. फ्रेमच्या आधी जाणाऱ्या प्रिअँबलचे सात बाइट तपासले, मग फ्रेमची सुरुवात सांगणारा आठवा बाइट डी५, मग सीआरसीतला बिटांचा क्रम. सगळं बरोबर. आरजीएमआयआयमध्ये घड्याळाची कड बिटाच्या मधोमध पडावी म्हणून त्याला सुमारे २ नॅनोसेकंद उशीर द्यावा लागतो. तो मी एफपीजीएतून दिला होता. माझ्या कार्डावरची रिअलटेकची चिप तोच उशीर स्वतःहूनही देत होती. दोन आणि दोन चार, आणि चार नॅनोसेकंदांनी तर पुढचा बिट सुरू होतो. माझा उशीर शून्यावर आणला आणि पहिली फ्रेम स्वच्छ आली. पहाटेचे पावणेदोन वाजले होते, आईला उठवून दाखवली. येणाऱ्या बाजूला मात्र उशीर आपणच द्यावा लागला. एफपीजीएत तो सुमारे २५ पिकोसेकंदांच्या पायऱ्यांनी देता येतो. मी पायरीपायरीने चढत वहीत चुका मोजल्या, आणि ८० च्या आसपास चुकांची पाटी कोरी झाली. कागदावर २ नॅनोसेकंद भागिले २५ पिकोसेकंद केलं तरी ८०च येतात. अशा वेळी छाती भरून येते.

त्रास कुठे आहे तेही सांगते. पॅनेलच्या आठही कनेक्टरांच्या आधी ७४एचसी२४५ बफर आहेत, ते फक्त बाहेर पाठवतात. बाहेरून काही आत घ्यायचं तर एखादा बफर उखडून बारीक वायरींनी जोडणी करावी लागते. या एफपीजीएत सर्डेस (अतिवेगवान सिरियल जोडणीचा भाग) नाही, त्यामुळे एसएफपी (फायबरसाठीची खोबणी) आणि १० गिगाबिटची स्वप्नं इथे नकोत. आणि घेताना आवृत्ती बघाच: जुन्या कार्डांवर ब्रॉडकॉमची फिजिकल चिप असते, नव्यांवर रिअलटेकची, आणि कोणती पिन कुठे जाते ते बदलतं. तिसरं कार्ड मागवताना मी आवृत्ती लिहून कळवली होती, तरी विक्रेत्याने दुसरीच पाठवली आणि परत घ्यायला नकार दिला. आता छापलेल्या आवृत्तीचा फोटो मागितल्याशिवाय मी पैसे देत नाही.

शेवटचा प्रयोग मामाच्या टेबलावर केला. अर्ध्या मीटरच्या कॅट-६ कॉर्डने कार्डाचा एक पोर्ट दुसऱ्याला जोडला आणि ६४ बाइटच्या फ्रेम सलग सोडल्या. प्रिअँबल आणि मधली मोकळी जागा धरून एका फ्रेमला ८४ बाइट लागतात. सेकंदाला साडेबारा कोटी बाइट, भागिले ८४. दुसऱ्या पोर्टने मोजलेल्या फ्रेमांची संख्या त्याच कार्डाच्या पॅनेल कनेक्टरवर लावलेल्या पी-५ (दिव्यांत ५ मिलिमीटर अंतर असलेल्या) एलईडी मॉड्युलवर लाल अंकांत उमटत होती: १४८८०९५. कधी शेवटचा आकडा ६ व्हायचा, पुन्हा ५. मामाने ग्राहकाला थांबवून ठेवलं आणि विचारलं, "अगं, हा आकडा कमी का होत नाही?" एकही फ्रेम गळत नाही म्हणून, मी म्हटलं.